हॉकीच्या लेकरांसाठी ऑनलाइन शाळा: फी भरण्याआधी काय काय तपासायचं

ऑनलाइन शाळेबद्दल विचारायला कोणी आलं की मी आधी एकच विचारतो: दहावीच्या मार्कलिस्टवर कोणत्या बोर्डाचं नाव येणार? बऱ्याच पालकांना सांगता येत नाही. ॲपचं नाव सांगतात, फी सांगतात, सर किती छान शिकवतात ते सांगतात. बोर्डाचं विचारायचं राहूनच गेलेलं असतं.

मी नांदेडातल्या एका हायस्कूलात लिपिक आहे. जनरल रजिस्टर, दाखले, बोनाफाईड, शाळेत न जाता बाहेरून बोर्डाच्या परीक्षेला बसायचे सतरा नंबरचे फॉर्म हे माझ्या टेबलावरचं काम. हॉकीचं वेड लहानपणापासूनचं. हिवाळ्यात खालसा हायस्कूलच्या मैदानावर गुरू गोबिंदसिंगजींच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा भरली की रजेचा अर्ज टाकून मी तिथं बसलेला असतो. त्यामुळे मैदानावरचे पालक ओळखीचे झालेत, आणि लेकराला पुण्याला किंवा परराज्यातल्या अकॅडमीत धाडायचं ठरलं की कागदाची पिशवी घेऊन ते माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगतो तेच इथं सविस्तर लिहितोय.

ऑनलाइन शिक्षणाला माझा विरोध नाही. अकॅडमीतल्या लेकराचा दिवस बघा: उजाडायच्या आत मैदानावर, ऊन चढेपर्यंत सराव, मग नाश्ता, थोडी झोप, चार वाजता पुन्हा स्टिक हातात. त्यात शाळेची वेळ बसत नाही हे मलाही कळतं. पण रेल्वेत खेळाडू कोट्यातल्या सगळ्यात खालच्या पदालाही दहावी लागते, आपल्याकडे पोलीस शिपाई व्हायला बारावी लागते, आणि महाराष्ट्रात खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण असलं तरी पदाची शैक्षणिक अट सुटत नाही. हॉकीतून पोट भरणारी बहुतेक माणसं अशाच नोकऱ्यांवर उभी आहेत. म्हणून कागद पक्का हवा.

आधी बोर्ड, मग शाळा

ऑनलाइन शाळा शिकवते. परीक्षा घेणं आणि मार्कलिस्ट देणं हे बोर्डाचं काम. शाळा कितीही नामांकित असो, तिच्यामागे मान्यताप्राप्त बोर्ड नसेल तर तिचा कागद भरतीच्या टेबलावर टिकत नाही. आपल्या भागातल्या पालकांसाठी सरळ रस्ते तीन.

पहिला रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, म्हणजे एनआयओएस. १९८९ साली सुरू झालेलं हे केंद्र सरकारचं बोर्ड आहे आणि खेळाडूंना सगळ्यात जास्त सोयीचं तेच. दहावीला बसायला वय १४ पूर्ण लागतं. पाच विषय घ्यायचे, पास व्हायला ३३ टक्के, एकदा नोंदणी केली की ती ५ वर्षं चालते आणि तेवढ्या काळात परीक्षेच्या ९ संधी मिळतात. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. याचा खरा फायदा असा की सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत. एप्रिलमध्ये कॅम्प आला तर दोन विषय आत्ता द्या, तीन ऑक्टोबरला. आधीच्या मान्यताप्राप्त बोर्डात पास झालेल्या दोन विषयांपर्यंतचे मार्क इकडे धरून घेता येतात, म्हणजे दहावीत दोन-तीन विषयांत राहिलेल्या लेकराला सगळं पुन्हा द्यावं लागत नाही. लेखी असाइनमेंट असतात, त्यांना टीएमए म्हणतात आणि त्यांना २० टक्के वजन असतं. अकॅडमीतली पोरं त्या हमखास विसरतात, तारखा तुम्हीच लक्षात ठेवा. दहावीला मराठी माध्यम आहे. बारावीला हव्या त्या विषयाचं पुस्तक कोणत्या भाषेत मिळतंय ते मात्र फॉर्म भरण्याआधी बघा.

दुसरा रस्ता आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबर फॉर्म. मूळ शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो, घरी किंवा ऑनलाइन अभ्यास करायचा आणि फेब्रुवारी-मार्चची परीक्षा इतरांसारखी द्यायची. मार्कलिस्ट राज्य मंडळाचीच येते, त्यामुळे पुढं कुणी शंका काढत नाही. आपलं नांदेड, लातूर आणि धाराशिव लातूर विभागीय मंडळात येतं; परभणी, हिंगोली, जालना, बीड आणि संभाजीनगर हे छत्रपती संभाजीनगर मंडळात. अडचण एवढीच की परीक्षेची वेळ मंडळ ठरवतं, हॉकीचं कॅलेंडर बघून नाही. तिसरा रस्ता राज्याच्या मुक्त विद्यालयाचा. त्यात पाचवी आणि आठवीचीही सोय आहे, पण आपल्या तालुक्यात संपर्क केंद्र चालू आहे का, हे स्वतः जाऊन बघावं लागतं.

सीबीएसईचं नाव घेऊन कोणी ऑनलाइन शाळा विकत असेल तर सावध व्हा. सीबीएसईच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी हजेरीत सवलत मिळते, पण ती शाळेत नाव असलेल्या आणि एरवी शाळेत जाणाऱ्या लेकराला. नाव एकीकडे आणि लेकरू वर्षभर दुसरीकडे, याला डमी प्रवेश म्हणतात. कारवाई झाली की शाळेचं जे व्हायचं ते होतं, परीक्षेला मात्र तुमचं लेकरू मुकतं.

फोनवर विचारायचं ते असं

शाळेच्या माणसाला फोन करा आणि गोड गोड बोलणं चालू व्हायच्या आत विचारा: परीक्षा कोणतं बोर्ड घेतं? त्या बोर्डात नोंदणी कोणाच्या नावानं होते आणि नोंदणी क्रमांक मला कधी मिळेल? परीक्षा केंद्र कुठं येईल? मार्कलिस्ट डिजिलॉकरवर, म्हणजे सरकारच्या कागदपत्रांच्या ॲपवर, दिसेल का? उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून मागा. "सर, ते सगळं आम्ही बघून घेतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका," असं उत्तर आलं तर तिथंच थांबा.

डिजिलॉकरचा प्रश्न मुद्दाम विचारायचा. राज्य मंडळ, सीबीएसई, एनआयओएस यांच्या मार्कलिस्ट तिथं उतरवता येतात. शिवाय देशातल्या मान्यताप्राप्त शालेय बोर्डांची कोब्से म्हणून परिषद आहे, तिच्या सदस्य बोर्डांची यादी कुणालाही बघता येते. बोर्डाचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. खोटी बोर्डं खऱ्याच्या नावात एखादा शब्द पुढंमागं करतात.

हदगावकडची एक गोलकीपर मुलगी. खेळ असा की डी मध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, ती उभी असली की बापाला निवांत झोप लागावी. कुठल्याशा ऑनलाइन संस्थेतून तिनं दहावी आणि लगेच पुढच्या वर्षी बारावी केली. भरतीत खेळाची निवड झाली आणि कागदपत्र पडताळणीत नाव कटलं. बाप ती मार्कलिस्ट घेऊन माझ्याकडे आला. जाड कागद, चकचकीत होलोग्राम, वर अशोकस्तंभासारखं काहीतरी, आणि खाली बारीक अक्षरात ट्रस्टचा नोंदणी क्रमांक. ट्रस्टची नोंदणी कुणालाही करता येते, त्यानं परीक्षा घ्यायचा अधिकार मिळत नाही. आणि बारावीचं वर्ष बघूनच मला कळलं होतं. एनआयओएसमध्ये सुद्धा दहावीनंतर दोन वर्षांचं अंतर नसेल तर बारावीचे पाचही विषय एकदम देता येत नाहीत, आणि १७ नंबरनं बारावीला बसायलाही दहावी होऊन दोन वर्षं व्हावी लागतात. एका वर्षात बारावी करून देतो म्हणणारा माणूस काय विकतोय ते तुम्हीच ओळखा. ती मुलगी आता पुन्हा दहावीपासून पेपर देतेय. मला अजून राग येतो, तिचा नव्हे, त्या विकणाऱ्याचा.

शाळेच्या टीमचं काय

ही गोष्ट पालकांना कुणी सांगत नाही. १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या शालेय स्पर्धांची प्रवेशिका शाळेमार्फत, मुख्याध्यापकांच्या सहीनं जाते. जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय, सगळी साखळी शाळेच्या नावावर चालते. लेकरू शाळेतून काढलं की ही दारं बंद व्हायची भीती असते. हॉकी संघटनेच्या सब-ज्युनिअर, ज्युनिअर स्पर्धा राज्य संघटनेमार्फत होतात, तिथं शाळा आडवी येत नाही. पण जिल्ह्यातून नुकतं वर येणारं लेकरू बहुतेक शालेय स्पर्धेतूनच दिसतं, आणि मंडळाच्या परीक्षेतले क्रीडा सवलतीचे गुणही अशाच प्रमाणपत्रांवर मिळतात. म्हणून दाखला काढण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन लेखी विचारा: मुक्त विद्यालयात नाव असलं तर हा खेळाडू कोणकोणत्या स्पर्धेत चालेल?

माझं मत विचाराल तर आठवीपर्यंत लेकरू नियमित शाळेतच ठेवा. अकॅडमीजवळची शाळा बघा, मुख्याध्यापकांना भेटा, सरावाच्या वेळा सांगा. चांगल्या अकॅडम्यांचा शेजारच्या शाळांशी असा ताळमेळ असतोच. ज्या अकॅडमीला शाळेची गोष्टच नको, तिच्यावर माझा विश्वास बसत नाही. नववीनंतर, खेळ खरोखर वरच्या पातळीवर गेला, तर मुक्त विद्यालयाचा विचार करा.

दाखला सांभाळा

शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रत एकदाच मिळते असं समजून वागा. तो जोडण्याआधी त्याच्या साक्षांकित प्रती काढून घरात ठेवा. त्यावर जात लिहिलेली असते, जन्मगाव असतं. पुढं जात प्रमाणपत्र, जात पडताळणी, अधिवास, सगळीकडे तो मागतात. प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारासुद्धा आत्ताच काढून ठेवा. गावची शाळा पटसंख्येअभावी दुसरीकडे जोडली गेली की रजिस्टर शोधत फिरावं लागतं.

आणि नाव. आधारवर, दाखल्यावर, जन्म प्रमाणपत्रावर आणि प्रत्येक खेळ प्रमाणपत्रावर नाव एकसारखं हवं. एकीकडे वडिलांचं नाव आहे, एकीकडे नुसतं आडनाव, एकीकडे इंग्रजीत एक अक्षर जास्त. ५ टक्के आरक्षणासाठी खेळ प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाकडे होते, तिथं अशी नावं अडकतात. स्पर्धा संपल्यावर प्रमाणपत्र हातात पडलं की मैदानातच वाचून बघा, चुकलं असेल तर तिथंच दुरुस्त करून घ्या. नंतर सही करणारा सापडत नाही.

एनआयओएसचा फॉर्म भरताना अभ्यास केंद्र विचार करून निवडा. परीक्षा केंद्र साधारण त्याच भागात येतं. केंद्र नांदेडचं आणि लेकरू ओडिशात असेल तर प्रत्येक परीक्षेला प्रवास धरावा लागेल. काही पालकांना तेच बरं वाटतं, लेकरू त्या निमित्तानं घरी येतं, आई खाऊपिऊ घालते. चालेल, फक्त कोचला वर्षाच्या सुरुवातीला तारखा द्या.

लेकरू शिकतंय का

कागद खरा आणि डोकं रिकामं, असंही होतं. सराव करून दमलेलं लेकरू मोबाइल उशीला टेकवून लेक्चर लावतं आणि दहा मिनिटांत घोरायला लागतं. स्क्रीनवर हजेरी लागलेली असते. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल करा आणि पुस्तक न बघता एखादी गोष्ट समजावून सांगायला लावा. टक्केवारीचं विचारायचं: सामन्यात ८ पेनल्टी कॉर्नर मिळाले, ३ गोल झाले, किती टक्के? लेकरू सांगतं का बघा. मग म्हणा, हेच गणित व्याजाचं करून दाखव. लिहिलेली वही कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. वहीच नसेल तर शिक्षण होत नाहीये, मग ॲपवर कितीही हिरव्या खुणा दिसोत.

चांगली ऑनलाइन शाळा ओळखायची असेल तर अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या खेळांची संस्था एनसीएए काय बघते ते माहीत असलेलं बरं. तिथं फील्ड हॉकी फक्त मुलींची आहे आणि शिष्यवृत्तीही मिळते, म्हणून आपल्या मुलींच्या पालकांनी तर वाचाच. पहिल्या डिव्हिजनसाठी शाळेतले ठरलेले १६ मुख्य कोर्स झालेले लागतात. ऑनलाइन कोर्स असेल तर शिक्षक आणि विद्यार्थी यांचा नियमित संपर्क हवा, शिक्षकानं काम तपासून ग्रेड दिलेली हवी, आणि कोर्स कधी सुरू होऊन कधी संपतो हे ठरलेलं हवं. आपण पैसे भरतो त्या शाळेला हेच विचारा: माझ्या लेकराची वही कोण तपासतं, त्या सरांचं नाव काय, मला त्यांच्याशी बोलता येईल का? खऱ्या शाळेत दोन दिवसांत बोलणं होतं.

परदेशी बोर्डाची ऑनलाइन शाळा घ्यायचीच असेल, तर भारतात त्या प्रमाणपत्राला समकक्षता मिळते का, म्हणजे ते इथल्या दहावी-बारावीच्या बरोबरीचं धरतात का, हे अधिकृत संस्थेकडून आधी लेखी घ्या. अकॅडमीतले लोक तोंडी सांगतात त्यावर फी भरू नका. आणि पावती घेतल्याशिवाय तर एक रुपयाही नको. पावतीवर संस्थेचं पूर्ण नाव, लेकराचं दाखल्याप्रमाणे नाव आणि कोणत्या बोर्डाच्या कोणत्या परीक्षेसाठी पैसे घेतले ते लिहिलेलं पाहिजे.