स्तनवृद्धी शस्त्रक्रिया: आधीची तयारी आणि नंतरचे सहा आठवडे

स्तनवृद्धीची शस्त्रक्रिया साधारणतः एक ते दोन तासांत आटोपते. खरा कस लागतो तो नंतर, कारण पुढचे काही आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचे नसतात आणि जड काही उचलायचे नसते, तर आपल्या घरांतली निम्मी कामे नेमकी याच दोन हालचालींवर चालतात. म्हणून इंदूरमध्ये ही शस्त्रक्रिया करवून घेऊ इच्छिणाऱ्या स्त्रीने रुग्णालयाइतकाच स्वतःच्या स्वयंपाकघराचाही विचार आधी करावा.

शल्यविशारद निवडताना जाहिरातीतील छायाचित्रांपेक्षा पदवी पाहावी. प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डीएनबी आणि वैद्यकीय परिषदेकडील नोंदणी या दोन्हींची खात्री करून घेण्यात संकोच नसावा. इम्प्लांट, म्हणजे स्तनात बसवायची पिशवी, सिलिकॉन जेलचे की सलाइनचे (मिठाच्या पाण्याचे), ते दूधग्रंथीच्या मागे बसवणार की छातीच्या स्नायूखाली, आणि छेद कुठे घेणार, हे पहिल्याच भेटीत विचारावे. स्नायूखाली बसवल्यास सुरुवातीच्या दुखण्याची तयारी अधिक ठेवावी लागते. पुढे मूल हवे असल्यास तसे स्पष्ट सांगावे, कारण स्तनाग्राभोवतीच्या छेदाने दूधनलिकांना इजा होण्याची शक्यता वाढते. पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. लिम्फोमा या कर्करोगाच्या एका दुर्मिळ प्रकाराशी संबंध आढळल्यामुळे अ‍ॅलर्गन कंपनीने २०१९ मध्ये आपले खरखरीत ‘बायोसेल’ इम्प्लांट जगभरातून परत घेतले होते. इम्प्लांट जन्मभराचे नसते. त्याभोवती कठीण आवरण तयार झाल्यास किंवा ते फाटल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विम्यात सहसा मिळत नाही, त्यामुळे पुढचा खर्चही आजच हिशेबात धरलेला बरा.

तारीख ठरवताना पंचांग नव्हे, घरचे वेळापत्रक पाहावे. गौरी-गणपती, दिवाळीचा फराळ, रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) पाहायला येणारे पाहुणे, यांच्या तोंडावर शस्त्रक्रिया ठेवली की विश्रांती कागदावरच राहते. सर्जिकल ब्रा रात्रंदिवस घालायची असल्याने मे महिन्यातील उकाडाही टाळता आल्यास टाळावा.

तंबाखू किमान चार आठवडे आधी आणि तितकाच काळ नंतर पूर्ण बंद हवी. येथे केवळ सिगारेटचा विचार करून चालत नाही: गुटखा आणि दातांना लावायची मशेरी यांतूनही निकोटिन शरीरात जाते, रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरण्यास उशीर होतो. मशेरीला कोणी व्यसन मानत नाही, म्हणून ती डॉक्टरांना सांगायची राहून जाते. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि आयुर्वेदिक काढे यांची यादीही द्यावी. यांपैकी काहींमुळे रक्तस्राव वाढतो. मात्र रक्त पातळ करणारे औषध कोणी लिहून दिलेले असेल तर ते स्वतःहून बंद करू नये. चाळिशी उलटली असल्यास किंवा घराण्यात स्तनाचा कर्करोग असल्यास मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) आधी करून घ्यावी. भूल देण्यापूर्वी तळलेल्या किंवा जड जेवणानंतर आठ तास, हलक्या जेवणानंतर सहा तास आणि पाण्यानंतर दोन तास जावे लागतात. भूलतज्ज्ञाने याहून वेगळे सांगितले असेल, तर तेच पाळावे. पहाटे कोणी प्रेमाने पोहे-जिलेबी पुढे केली तरी नाही म्हणावे.

आता घर. वरच्या फळीवरचे डबे, रोजची भांडी आणि औषधे कमरेच्या उंचीवर आणून ठेवावीत. कणीक मळणे आणि पोळ्या लाटणे ही कामे हलकी वाटतात, पण त्यांत छातीचा स्नायूच राबतो, तेव्हा पोळ्यांसाठी बाई किंवा डबा आधी ठरवून ठेवावा. दोरीवर कपडे वाळत घालणे, पाण्याच्या बादल्या, गॅसचे सिलिंडर आणि कडेवर बसू पाहणारे मूल हे सारे दुसऱ्यांवर सोपवावे. डोक्यावरून घालायच्या कुर्त्यांऐवजी पुढे बटणे असलेले गाऊन ठेवावेत. कोणाला काय सांगायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. तरी घरातील एका समजूतदार माणसाला सगळे ठाऊक असावे आणि पहिले २४ तास त्याने जवळ असावे.

घरी आल्यावर पाठीवर, डोके व खांदे उशांनी उंच करून झोपावे. थोडे थोडे चालणे पहिल्या दिवसापासूनच चांगले, कारण पडून राहिल्याने पायांत रक्ताची गुठळी होऊ शकते. तीव्र वेदनाशामकांनी बद्धकोष्ठता होते आणि कुंथणे जखमेला सोसत नाही, म्हणून पाणी भरपूर प्यावे आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल घ्यावे. जखमेवर हळदीचा लेप, तूप किंवा तेल काहीही लावू नये. त्वचा काही काळ बधिर असल्याने गरम पिशवीचा चटका कळत नाही, तेव्हा शेकही नको. बसून करायच्या कामावर बहुतेकींना आठवडाभरात परतता येते; स्कूटर मात्र वेदनाशामके सुटून हात मोकळे वळेपर्यंत आणि डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत बाहेर काढू नये. व्यायाम आणि तारेची ब्रा साधारण सहा आठवड्यांनंतर. सुरुवातीला स्तन उंच, घट्ट आणि थोडे असमान दिसतात. अंतिम आकार येण्यास तीन महिने किंवा अधिक लागू शकतात, त्यामुळे रोज आरशासमोर निकाल लावणे व्यर्थ आहे.

एक बाजू अचानक फुगून ताठली, ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाला, लाली पसरू लागली किंवा टाक्यांतून पू आला, तर सकाळची वाट न पाहता शल्यविशारदांना फोन करावा. पोटरी दुखून सुजली किंवा धाप लागली, तर थेट तातडीच्या विभागात जावे.

इम्प्लांटची कंपनी, आकार आणि क्रमांक लिहिलेले कार्ड रुग्णालयातून मागून घेऊन त्याचे छायाचित्र मोबाइलमध्येही ठेवावे. सिलिकॉन इम्प्लांट असल्यास पाच-सहा वर्षांनी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून ते शाबूत असल्याची खात्री करावी. मॅमोग्राफीच्या वेळी तंत्रज्ञाला इम्प्लांटविषयी आधीच सांगावे, कारण अशा वेळी इम्प्लांट मागे सारून जास्तीच्या प्रतिमा घ्याव्या लागतात.