जुनी गिनी ऑनलाइन घेताना: खरी-खोटी कशी ओळखायची

"शेतात नांगर घालताना हंडा सापडलाय. घरात कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला स्वस्तात देतो." असा निरोप आणि सोबत ताटलीत ओतलेल्या पिवळ्या नाण्यांचा व्हिडिओ आला की भलीभली माणसं विरघळतात. त्यात नाण्यावर 'श्री राजा शिव' ही अक्षरं असली तर विचारायलाच नको. मला या फसवणुकीचा फार राग येतो, कारण इथे माणूस हावेपायी कमी आणि श्रद्धेपायी जास्त फसतो.

म्हणून पहिलं काम हे, की नाण्यासोबत येणारी गोष्ट विकत घ्यायची नाही. हंडा खरोखरच सापडला असेल, तर १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीच्या अशा धनाची खबर कलेक्टरला द्यावी लागते. ते परस्पर विकायचा हक्क त्या माणसाला नाही. आणि गोष्ट खोटी असेल तर नाणंही खोटंच. दोन्हीकडून व्यवहार बाद. शिवरायांचा खरा सोन्याचा होन फारच दुर्मीळ आहे. तो निघालाच तर नावाजलेल्या लिलावात निघतो, व्हॉट्सॲपवर नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने गिनीपासून करावी. आपण जिला गिनी म्हणतो ते सॉव्हरिन नावाचं ब्रिटिश सोन्याचं नाणं. तिची मापं ठरलेली असल्यामुळे तपासणं सोपं जातं. वजन ७.९८८ ग्रॅम (सराफ बोलताना आठ ग्रॅम म्हणतात), व्यास २२.०५ मिलिमीटर, जाडी साधारण दीड मिलिमीटर, सोनं २२ कॅरेट. झिजलेली गिनी थोडी हलकी भरते. वजन ७.९३८ ग्रॅमच्या खाली गेलं की त्या काळी ती चलनातून बाद धरत. आठ ग्रॅमहून जड भरली तर मात्र लगेच संशय घ्या, कारण झिजून नाणं जड होत नाही.

आता किंमत. एका गिनीत शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. त्याला २४ कॅरेटच्या एका ग्रॅमच्या आजच्या भावाने गुणा, म्हणजे सोन्याची किंमत हाती येईल. कुणी त्याहून बरंच स्वस्त देत असेल तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: हा माणूस कोपऱ्यावरच्या सराफाकडे जाऊन पुरे पैसे का घेत नाही?

मग साल आणि चेहरा जुळतो का ते पाहा. इथे बऱ्याच नकला उघड्या पडतात. व्हिक्टोरिया राणीच्या गिन्या १९०१ पर्यंतच्या, सातव्या एडवर्डच्या १९०२ ते १९१० च्या, त्यानंतर पाचवा जॉर्ज. एडवर्डच्या चेहऱ्याखाली १९१२ साल असेल तर पुढे बोलायचंच नाही. आपल्या मुंबईच्या टाकसाळीतही गिन्या पडल्या, पण जुन्या काळात फक्त १९१८ साली. घोडेस्वार आणि ड्रॅगनच्या बाजूला, सालाच्या वर जमिनीवर इंग्रजी 'आय' हे बारीक अक्षर असतं. मुंबईची म्हणून कुणी १९१९ ची गिनी दाखवली तर ती बनावट. (२०१३ पासून भारतात नव्याने पाडलेल्या सॉव्हरिनवरही हे अक्षर आहे, पण त्यांवर साल नवं असतं.)

विकणाऱ्याकडून फोटो मागताना संकोच करू नका. दोन्ही बाजू, दातेरी कड, काट्यावर वजन दिसेल असं नाणं, आणि शेजारी चिठ्ठीवर हाताने लिहिलेली आजची तारीख. चिठ्ठीचा फोटो यायला टाळाटाळ झाली, तर नाणं त्याच्याकडे नाहीच असं समजा. आलेले फोटो गूगल लेन्समध्ये टाका. तेच चित्र दुसऱ्या कुणाच्या नावावर सापडलं तर तिथेच थांबा. फोटो मोठा करून पाहा: ओतीव नकलेवर बारीक पुळ्या किंवा खड्डे दिसतात आणि अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत वाटतात. नाणं 'एनजीसी' किंवा 'पीसीजीएस' या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थांच्या सीलबंद डबीत असेल तर डबीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः टाका आणि तिथला फोटो नाण्याशी ताडून पाहा. डब्यांच्याही नकला होतात.

पैसे देताना ओळख नसलेल्या माणसाच्या खात्यावर आगाऊ रक्कम पाठवू नका. पावती आणि परतीची अट लेखी घ्या. तुम्हीच नाणं विकत असाल तर आणखी जपा. 'तुमचं जुनं नाणं लाखोंना घेतो, आधी कमिशन भरा' या जाहिरातींबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच इशारा दिला होता. पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही.

पार्सल आलं की फोडण्याआधीपासून व्हिडिओ सुरू ठेवा. नंतर घरच्या घरी पाण्याची परीक्षा करा. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात लोंबकळतं सोडा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. खऱ्या गिनीला काटा साधारण ०.४५ ते ०.४६ दाखवतो. तेवढ्याच वजनाच्या पितळेला ०.९ च्या वर जातो. चुंबकावर विसंबू नका, पितळ आणि तांबंही त्याला चिकटत नाहीत.

शेवटी ओळखीच्या सराफाकडे कॅरेट मीटरवर तपासून घ्या. कसोटीवर घासू देऊ नका. कसाचा ओरखडा पडला की संग्राहकाच्या दृष्टीने नाण्याची किंमत उतरते. मीटर फक्त वरचा थर वाचतो, म्हणून पाण्याची परीक्षा वगळायची नाही.

एक पेच मात्र या सगळ्यातून निसटतो. १९५० आणि ६० च्या दशकांत बेरूतकडे खऱ्या सोन्याच्या बनावट गिन्या बऱ्याच निघाल्या. त्यांचं सोनं आणि वजन बरोबर भरू शकतं, टाकसाळ तेवढी खोटी. म्हणून दुर्मीळ साल म्हणून कुणी सोन्याच्या भावाच्या वर मोठी रक्कम मागत असेल, तर तज्ज्ञाच्या हाती नाणं दिल्याशिवाय ती देऊ नका. साध्या सालाची गिनी सोन्याच्या भावाच्या आसपास घेतलीत तर नुकसान फार होत नाही.

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. अमेरिकेतल्या भावाला भेट म्हणून ते पाठवता येत नाही.

फसलातच तर लाजेने गप्प बसू नका. लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवायचे तर पहिले काही तासच हाती असतात. व्हिडिओ, चिठ्ठीचा फोटो आणि चॅट जपून ठेवलेलं असेल, तर तक्रार लिहिताना तोच पुरावा उपयोगी पडतो.