एका वेतातील पिल्लांचा स्वभाव कसा पाहावा

“यांतले हुशार कुठले?” हा प्रश्न पिल्ले पाहायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या पाच मिनिटांत विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता जे पिल्लू धावत येऊन त्याच्या चपलेचा पट्टा चावू लागते, त्याच्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. त्या वेळी कोपऱ्यात लोळत पडलेले पिल्लू बुजरेच असेल असे नाही. कदाचित ते नुकतेच पोटभर दूध पिऊन सुस्तावलेले असेल, आणि पाहुणा तासाभराने आला असता तर चपलेचा पट्टा त्यानेच धरला असता. एका भेटीत पिल्लाची भूक आणि झोप दिसते. स्वभावाचा थोडाफार अंदाज यावा असे वाटत असेल, तर निदान चार आठवडे, रोज ठरावीक वेळ, लिहून ठेवत पाहावे लागते.

पुढे जे सांगितले आहे त्यातील बरेचसे आमच्या इमारतीच्या जिन्याखाली डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्यायलेल्या एका गावठी कुत्रीच्या पाच पिल्लांच्या आधाराने सांगितले आहे. तांबूस रंगाची, सडपातळ, माणसांना ओळखणारी पण अंगाला हात लावू न देणारी अशी ती कुत्री होती. पाळीव कुत्रीच्या वेतालाही हीच पद्धत लागू पडते. फरक इतकाच, की घरातील कुत्री पिल्लांजवळ लवकर जाऊ देते आणि रस्त्यावरची देईलच असे नाही. ती गुरगुरत असेल तर पहिले काही दिवस लांबूनच पाहावे आणि ती खाण्यासाठी उठून गेली की जवळ जावे.

पहिले काम पिल्ले वेगवेगळी ओळखता येतील अशी सोय करण्याचे असते. रंगीत लोकरीचे दोरे गळ्यात बांधण्याची पद्धत प्रचलित आहे, परंतु पिल्लू पहिल्या आठ-दहा दिवसांत वजनाने दुप्पट होते आणि दोरा दर दोन-तीन दिवसांनी सैल केला नाही तर गळ्यात रुततो, म्हणून ज्यांना रोज हात लावणे शक्य नाही त्यांनी दोऱ्यांच्या भानगडीत पडू नये. आम्ही बोथट टोकाच्या कात्रीने चौघांच्या अंगावरचे चिमूटभर केस वेगवेगळ्या जागी कापले, आणि वहीत त्यांची नावेही तीच पडली: उजवा खांदा, डावा खांदा, उजवी मांडी, डावी मांडी आणि बिनखुणेचा. खरी नावे मुद्दाम ठेवली नाहीत. एखाद्याला एकदा वाघ्या म्हटले की त्याने नुसती जांभई दिली तरी पाहणाऱ्याला त्यात वाघ दिसू लागतो, आणि मोत्या नावाच्या पिल्लाने कोणाला चावे घेतले तरी तो ‘खेळतोय बिचारा’ ठरतो.

पहिले दोन आठवडे स्वभाव पाहायला जाऊच नये. पिल्लू या काळात आंधळे आणि बहिरे असते, दिवसाचा बहुतेक वेळ झोपेत घालवते, आणि डोके डावी-उजवीकडे हलवत उबेच्या व वासाच्या दिशेने सरपटत सडापर्यंत पोहोचणे एवढाच त्याचा उद्योग असतो. झोपेत त्याचे पाय आणि ओठ झटके देतात. ते निरोगी असल्याचे लक्षण आहे. या दिवसांत वहीत फक्त वजन लिहावे. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर पसरट डबा ठेवून रोज एकाच वेळी वजन केले, तर जे पिल्लू वाढत नाही ते दोन दिवसांत उघडे पडते. असे पिल्लू हातात घेतल्यावर निपचित राहते आणि पाहणारे त्याला ‘किती शांत आहे’ म्हणून वाखाणतात, वास्तविक त्याला ऊब आणि पशुवैद्य यांची तातडीने गरज असते. गारठलेल्या पिल्लाला आधी दूध पाजू नये, आधी ऊब द्यावी, कारण गार पडलेल्या पोटात दूध पचत नाही.

दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात कान उघडतात, पाय अंग पेलू लागतात, आणि एखाद्या सकाळी भावंडाच्या कानाशी पहिली गुरगुर ऐकू येते. हे टप्पे तारखेसह नोंदवावेत, पण त्यावरून क्रमवारी लावू नये. आमच्या वेतात डाव्या मांडीचे डोळे सर्वांत शेवटी उघडले आणि जिन्याची पहिली पायरी मात्र तिनेच सर्वांआधी चढली.

खरे निरीक्षण चौथ्या आठवड्यापासून सुरू होते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतील मेन राज्यात, बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत पाच जातींच्या पिल्लांवर अनेक वर्षे काम करून १९६५ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांनुसार साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या माणसाशी आणि इतर कुत्र्यांशी जुळण्याचा काळ असतो. त्याच प्रयोगशाळेतील १९६१ च्या एका प्रयोगात माणसाच्या संपर्काविना चौदा आठवड्यांपर्यंत वाढवलेली पिल्ले नंतर माणसाळवणे फार कठीण गेले. याचा अर्थ असा, की निरीक्षक या काळात नुसता बघ्या राहू शकत नाही. तो बसतो, बोलतो, हात लावतो आणि त्यामुळे जे मोजायचे तेच थोडेथोडे बदलत जाते. ते बदलू द्यावे, कारण तसे बदलणे पिल्लाच्या हिताचे असते, मात्र कोणी किती वेळ हाताळले हेही वहीत यावे.

रोज वीस मिनिटे पुरेशी आहेत. पिल्ले झोपून उठली आहेत, शी-शू झाली आहे आणि खाणे अजून व्हायचे आहे, अशी वेळ निवडावी. पहिली दहा मिनिटे काहीही न करता भिंतीशी बसून राहावे. लिहिताना विशेषणे टाळावीत, हा या संपूर्ण कामातील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत अवघड नियम आहे. ‘धीट’, ‘लाजाळू’, ‘आगाऊ’ हे शब्द पाहणाऱ्याच्या मनातले असतात. पिल्लाने काय केले ते क्रियापदात लिहावे. माझ्या वहीतील छत्तिसाव्या दिवसाची नोंद अशी आहे: “संध्याकाळी ५.४०. पातेल्याचे झाकण चार हातांवर फरशीवर पाडले. उजवा खांदा: दचकली, दोन पावले मागे, चार सेकंदांत परत, झाकण हुंगले, मग चाटले. डावी मांडी: कान टवकारले, जागची हलली नाही. बिनखुणेचा: गोणपाटाखाली शिरला, पन्नास सेकंद आत, मग मान बाहेर, झाकणाकडे आला नाही, आईकडे गेला.”

या नोंदीत दचकणे महत्त्वाचे नाही. अचानक आवाज झाल्यावर न दचकणारे पिल्लू शूर असते असा समज आहे, परंतु दचकणे हा शाबूत कानांचा पुरावा आहे. पाहायचे ते दचकल्यानंतर सावरायला किती वेळ लागतो आणि सावरल्यावर पिल्लू आवाजाच्या दिशेने जाते, दूर राहते की आईच्या पोटाखाली शिरते. म्हणून सेकंद मोजावेत. हाच प्रयोग रोज करू नये, आठवड्यातून एक-दोनदा पुरे, आणि आवाज नेहमी लांबून करावा. पिल्लाच्या डोक्यावर थाळी वाजवून त्याची परीक्षा घेणाऱ्याला स्वभाव कळत नाही, उलट एक भित्रे कुत्रे तयार होते. जे पिल्लू वारंवार काहीच प्रतिसाद देत नाही, त्याच्या पाठीमागे जमिनीला हादरा न देता आणि वाऱ्याची झुळूक न लागू देता किल्ल्या वाजवून पाहाव्यात. अंगाने बहुतांश पांढऱ्या पिल्लांत जन्मजात बहिरेपणा तुलनेने अधिक आढळतो, आणि असे पिल्लू अनेक घरांत महिनोन् महिने ‘हट्टी’ म्हणून बोलणी खाते.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात प्रत्येक पिल्लाला एकेकटे, त्याने पूर्वी न पाहिलेल्या पण इतर कुत्र्यांचा वावर नसलेल्या जागी न्यावे. लसीकरण पूर्ण झालेले नसल्याने पार्वो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचा धोका असतो, त्यामुळे बाग किंवा रस्ता नको. शेजाऱ्यांची धुतलेली गॅलरी चालेल. तेथे पिल्लाला मधोमध ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. काही पिल्ले लगेच कोपरे हुंगत फिरतात, काही केविलवाणा सूर लावतात, काही आधी माणसाच्या मांडीला येऊन टेकतात आणि तेथून थोडे पुढे जाऊन पुन्हा परत येतात. हा शेवटचा प्रकार मला सर्वांत समाधानकारक वाटतो, कारण त्यात कुतूहलही असते आणि माणसाचा आधार घेण्याची बुद्धीही. नंतर उठून सावकाश चालावे आणि पिल्लू मागे येते का ते पाहावे. मग चार-पाच चणे घातलेली, झाकण घट्ट लावलेली प्लास्टिकची बाटली त्याच्यासमोर घरंगळत सोडावी. शेवटी त्याला छातीखाली व मागच्या पायांखाली आधार देऊन पंधरा सेकंद हातात धरावे; ते सतत झटापट करते, झटापट करून शांत होते की सुरुवातीपासून ताठ होऊन डोळे वटारते, हे लिहावे. ताठरणे म्हणजे शांत असणे नव्हे. पिल्लाला उताणे पाडून दाबून धरण्याची एक जुनी चाचणी काही जण अजूनही करतात. तीतून कळते त्यापेक्षा बिघडते अधिक, असे माझे मत आहे.

भावंडांचा खेळ मात्र कितीही वेळ पाहावा. एकाने दुसऱ्याचा कान जोरात धरला, दुसरे केकाटले, तर पहिले सोडते की आणखी ओढते? पाठलागात भूमिका बदलतात का, म्हणजे आता पळणारे थोड्या वेळाने पाठलाग करते का? आमचा डावा खांदा केकाटणे ऐकूनही सोडत नसे आणि त्यामुळे सहाव्या आठवड्यात भावंडे त्याच्याशी खेळायचे टाळून दुसऱ्या बाजूला जमू लागली. ही नोंद त्याच्या भावी घराला सर्वांत उपयोगी पडली, कारण त्या घरी सहा वर्षांची मुलगी होती आणि चावा सोडायला शिकवणे हे त्यांचे पहिले काम ठरले. याउलट, खाण्याच्या ताटलीवर कोण कोणाला ढकलते यावरून ‘हा म्होरक्या’ असे ठरवू नये. एकाऐवजी दोन ताटल्या ठेवल्या की आमचा कालचा म्होरक्या दुसऱ्या ताटलीपाशी मुकाट बसलेला दिसे.

वयाचा दिवस प्रत्येक नोंदीवर असावा, कारण साधारण पाचव्या आठवड्यानंतर अनोळखी गोष्टींची भीती वाढू लागते आणि आठव्या आठवड्याच्या आसपास ती अनेकदा ठळक होते. बत्तिसाव्या दिवशी परक्या माणसाच्या पायात घुटमळणारे पिल्लू बावन्नाव्या दिवशी त्याच माणसाला पाहून मागे सरले, तर ते बिघडले असे नाही. जंतांनी फुगलेले पोट, कानातील खाज, गोचीड आणि आईचा स्वभाव यांचाही हिशेब धरावा लागतो. आमची कुत्री वॉचमनच्या काठीला भीत असे. ती जवळ असताना पाचही पिल्ले काठी पाहून पळत आणि ती नसताना त्यांतील तिघे काठी चावायला येत. म्हणून काही निरीक्षणे आई समोर असताना आणि काही ती नसताना करावीत.

एवढे करून हाती काय लागते, याविषयी प्रामाणिक असले पाहिजे. व्हिएन्नातील संशोधकांनी बॉर्डर कॉली जातीची पिल्ले जन्मानंतर लगेच, पुन्हा सहा-सात आठवड्यांची असताना आणि पुढे दीड-दोन वर्षांची झाल्यावर तपासून २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की नवजात पिल्लाच्या वागण्याचा प्रौढ कुत्र्याशी मेळ बसत नाही आणि सहा-सात आठवड्यांच्या वागण्यातूनही जवळजवळ फक्त नव्या जागेत शोध घेण्याची वृत्ती पुढे टिकलेली आढळते. माझा अनुभव त्याला धरूनच आहे. झाकणाजवळ चार सेकंदांत परतणारी उजवा खांदा पुढच्या दिवाळीत दोन रात्री पलंगाखालून बाहेर आली नाही, तर पन्नास सेकंद गोणपाटाखाली बसणारा बिनखुणेचा आज ट्रकच्या हॉर्नलाही मान वळवत नाही. त्याच्या बाबतीत नोंदीचा उपयोग भविष्य सांगण्यासाठी झालाच नाही. त्याला सावरायला वेळ लागतो हे कळल्यामुळे सहाव्या आठवड्यापासून त्याच्या खाण्याच्या वेळी लांबच्या खोलीत मिक्सर लावायचा आणि दर दोन दिवसांनी त्याची ताटली एक पाऊल मिक्सरकडे सरकवायची, एवढे आम्ही केले.

पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनीही त्याआधीच्या विक्रीला मनाई केली आहे. देताना जंतनाशकाच्या तारखा, लसीचे कार्ड आणि त्या पिल्लाच्या नोंदींची प्रत नव्या घरी द्यावी, आणि त्या प्रतीत आपला निष्कर्ष न लिहिता फक्त दिवस, वेळ आणि पिल्लाने काय केले एवढेच ठेवावे. त्या प्रतीची शेवटची दोन पाने मी कोरी ठेवून देतो, म्हणजे पहिल्या रात्री ते किती वाजता रडले आणि कशाने गप्प झाले, हे त्यांना तेथेच लिहिता येते.