ब्रिटनमध्ये कामासाठी स्वतःची गाडी चालवताय? मैलांचा हिशेब असा ठेवा

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. हॉस्पिटलमधून घरी आलेल्या माणसाच्या जिन्याला कठडा हवा का, बाथरूममध्ये खुर्ची बसेल का, हे त्याच्या घरी जाऊन पाहायचं हे माझं काम. दिवसाला पाच-सहा घरं होतात आणि सगळी फिरती माझ्याच गाडीने. इथे नव्याने आलेल्या नर्स आणि केअरर मैत्रिणी मला एकच प्रश्न विचारतात : "सरकारी दर मैलाला 45 पेन्स, आम्हाला मिळतात 28. मग वरचे 17 कोण देणार?"

कोणी देत नाही. हे कळण्याआधी मी स्वतः मॅनेजरशी यावरून भांडले होते. 45 पेन्स हा 2011-12 मध्ये ठरलेला दर म्हणजे करमाफीची मर्यादा आहे. कंपनीने तेवढे दिलेच पाहिजेत असं बंधन नाही. कंपनीने कमी दिले तर राहिलेला फरक तुमच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतो, आणि त्या फरकावरचा कर वाचतो. जास्त दिले तर वरच्या रकमेवर कर लागतो.

माझं 2024-25 सालचं गणित सांगते. कामाचे मैल 6,400. 45 पेन्सने होतात 2,880 पौंड. मला 28 पेन्सने मिळाले 1,792. फरक 1,088 पौंड. मी 20 टक्के कर भरते, म्हणून हातात येणारी रक्कम 217 पौंड 60 पेन्स. 40 टक्केवालीला 435 पौंड 20 पेन्स मिळाले असते. एका करवर्षात 10,000 मैलांच्या पुढे दर 25 पेन्सवर उतरतो, त्यामुळे 12,000 मैल झाले तर 4,500 अधिक 500, असे 5,000 पौंड धरायचे. इलेक्ट्रिक गाडीलाही हाच दर. मोटारसायकलला 24, सायकलला 20. कंपनीने दिलेल्या गाडीला यातलं काहीच लागू नाही.

पेट्रोल, सर्व्हिसिंग, एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी), इन्शुरन्स, रोड टॅक्स हे सगळं त्या 45 पेन्समध्येच आलं. त्यांच्या पावत्या वेगळ्या लावता येत नाहीत. कामाच्या व्हिजिटसाठी भरलेलं पार्किंग आणि टोल मात्र वेगळे मागता येतात. दंड नाही.

घर ते नेहमीचं ऑफिस हा प्रवास कधीच धरायचा नाही. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे, ऑफिसातून ट्रेनिंगला, हे धरायचं. तात्पुरत्या जागी पाठवलं असेल तर 24 महिन्यांचा नियम लक्षात ठेवा : त्याहून जास्त काळ तिथे राहणार हे ठरलेलं असेल आणि कामाचा 40 टक्के किंवा जास्त वेळ तिथेच जात असेल, तर ती जागा कायमची समजली जाते आणि तिथवरचे मैल बाद होतात.

आता नोंदवही. माझा सगळा जीव हिच्यात आहे, कारण पहिल्या वर्षी मी ती ठेवली नाही. वर्षअखेरीला रोटा, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, उघडून बसले, तर जुने तीन महिने ॲपमधून पुसले गेले होते. ते मैल मी मागितलेच नाहीत. अंदाजाने लिहिणं मला पटलं नाही. तेव्हापासून व्हिजिट संपली की गाडी सुरू करण्याआधी एक ओळ लिहिते : तारीख, निघाल्याचा पोस्टकोड, पोहोचल्याचा पोस्टकोड, कशासाठी, किती मैल. पेशंटचं नाव लिहीत नाही. 'घरी तपासणी' एवढं पुरतं. वाटेत मुलाला शाळेतून घेतलं तर तो वळसा मैलांतून वगळते. ऑक्टोबर 2024 पासून एचएमआरसी, म्हणजे इथलं कर खातं, दाव्यासोबतच ही नोंद मागू लागलं आहे, आणि त्यात प्रत्येक फेरीचं कारण आणि दोन्ही पोस्टकोड लागतात.

दावा पी87 फॉर्मवर करायचा. वर्षभराच्या दाव्याची रक्कम 2,500 पौंडांच्या वर गेली तर सेल्फ असेसमेंट, म्हणजे स्वतः भरायचं कर-विवरणपत्र. फॉर्म फुकट आहे. 'तुमचा रिफंड आम्ही आणून देतो' म्हणणाऱ्या कंपन्या त्यातला मोठा वाटा कापून घेतात. तुमच्या घामाचे पैसे त्यांना देऊ नका. करवर्ष 6 एप्रिल ते 5 एप्रिल, आणि ते संपल्यापासून चार वर्षांपर्यंत मागचे दावे करता येतात. कंपनीने वर्षभरात मैलांचे किती पैसे दिले, हे पेस्लिपांवरून जुळवून घ्या.

सहकाऱ्याला कामासाठी सोबत नेलंत तर कंपनी मैलाला 5 पेन्स करमुक्त देऊ शकते. तिने दिले नाहीत तर त्यावर दावा मात्र करता येत नाही.

आणि इन्शुरन्सची पॉलिसी काढून बघा. तिच्यात फक्त घरगुती वापर आणि ऑफिसला जाणं-येणं लिहिलं असेल, तर पेशंटकडे जाताना झालेल्या अपघाताचा क्लेम अडकू शकतो. विमा कंपनीला फोन करून 'बिझनेस यूज' जोडून घ्या, आणि तो जोडल्याशिवाय पुढच्या व्हिजिटला निघू नका.