काट्यावरच्या पावत्या आपोआप क्लाउडवर: जिनिंगच्या संगणकावर एजंट कसा बसवावा

हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट, कुठेही जा, कापसाची गाडी जिनिंगमध्ये, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, शिरली की आधी काट्यावर चढते. भरल्या गाडीचं वजन, रिकामीचं वजन, शेतकऱ्याचं नाव, आधार, बँक खातं हे सगळं काट्याच्या संगणकात जातं आणि पावती निघते. खरी कटकट त्यानंतरची. माल इथे, हिशेब नागपूरला. मग संध्याकाळी कोणी पेन ड्राइव्ह घेऊन निघतो, कोणी दिवसभराच्या पावत्या व्हॉट्सअॅपवर टाकतो, तर कोणी नागपूरच्या माणसाला दुरून संगणकावर बसवतो. शेकडो शेतकऱ्यांची खाती अशी गावभर फिरवण्यापेक्षा हे काम एका छोट्या प्रोग्रामकडे द्या. त्यालाच एजंट म्हणतात.

एजंट तुमच्याच संगणकावर बसतो. ठरलेला फोल्डर पाहतो, नवी फाइल दिसली की स्वतःहून क्लाउडशी, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या साठवणीशी, संपर्क साधतो आणि फाइल पोचवतो. यातलं ‘स्वतःहून’ महत्त्वाचं. आपला माणूस डाक घेऊन बाहेर जातो, टपालवाल्याला घरात घ्यावं लागत नाही. संपर्क आतून बाहेर जातो, तोही पोर्ट ४४३ वरून, म्हणजे ब्राउझरमध्ये बँकेची साइट उघडते त्याच वाटेने आणि तसाच कुलूपबंद. त्यामुळे राउटरमध्ये बाहेरून आत येणारं एकही दार उघडावं लागत नाही. एखादा जाणकार ‘पोर्ट फॉरवर्ड करून देतो’ म्हणाला, तर नम्रपणे नाही म्हणा. मोबाइल डेटावर आणि गावातल्या बऱ्याच फायबर जोडण्यांवर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे ते बहुधा जमतही नाही. आणि जमलं तरी उघडं दार ते उघडं दारच. मे २०२३ मध्ये मूव्हइट या फाइल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमधली एक फट चोरांना सापडली आणि इंटरनेटवर उघडे असलेले सर्व्हर एकामागून एक लुटले गेले. त्यांत मोठमोठ्या कंपन्या होत्या.

कोणता एजंट घ्यायचा?

गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचं संगणकावरचं अॅप सोपं, पण ते दोन्हीकडे सारखं करत बसतं. इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते. पावत्यांसाठी मी ते वापरणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या अॅझ्युर क्लाउडचा स्वतःचा एजंट, सेल्फ-होस्टेड इंटिग्रेशन रनटाइम, चांगला आहे, पण त्याला चार कोर आणि ८ जीबी रॅमचा संगणक लागतो. अॅमेझॉनचा डेटासिंक एजंट व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आतला संगणक, म्हणून चालतो आणि ३२ जीबी रॅम मागतो, म्हणजे तो सर्व्हर असलेल्या मोठ्या कारखान्याचा विषय. एका काट्याच्या जिनिंगला आरक्लोन पुरतो: फुकट, मुक्तस्रोत, जुन्या संगणकावरही हलका. पुढचं सगळं त्याला धरून सांगतो.

संगणकाची मांडणी

काट्याचा संगणक बहुतेक वेळा जुना असतो. विंडोज ७ असेल तर मायक्रोसॉफ्टने त्याची साथ १४ जानेवारी २०२० लाच सोडली आहे आणि आरक्लोनच्या नव्या आवृत्त्याही त्यावर चालत नाहीत. काट्याचं सॉफ्टवेअर बदलायला कोणी तयार नसतं, ते बरोबरही आहे. मग त्या संगणकाला इंटरनेटच देऊ नका. ऑफिसमध्ये विंडोज ११ चा दुसरा संगणक ठेवा, दोघांत लॅन केबल टाका आणि काट्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये गेटवेची (बाहेर इंटरनेटकडे जाणाऱ्या वाटेच्या पत्त्याची) जागा रिकामी सोडा. काट्यावरचा पावत्यांचा फोल्डर शेअर करा, पण फक्त वाचण्यापुरता. एजंट दुसऱ्या संगणकावरून तो वाचेल. शेअर करताना एसएमबीची (विंडोजची फाइल शेअर करण्याची पद्धत) पहिली आवृत्ती चालू करायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच रस्त्याने पसरला होता. विंडोज एक्सपीला मात्र तीच आवृत्ती लागते. तसा काटा असेल, तर नवा संगणक घेणं स्वस्त पडेल.

एजंटसाठी विंडोजमध्ये वेगळा वापरकर्ता करा, अॅडमिनचे हक्क न देता.

क्लाउडच्या बाजूला

अॅमेझॉनची एस३ साठवण घेतली असं धरू. बकेट, म्हणजे त्या साठवणीतला आपला कप्पा, मुंबई विभागात उघडा. सार्वजनिक प्रवेश बंद आहे ना ते बघा, नव्या बकेटमध्ये तो मुळातच बंद येतो. व्हर्जनिंग चालू करा, म्हणजे फाइलवर फाइल लिहिली गेली तरी जुनी प्रत राहते. मग एजंटसाठी स्वतंत्र किल्ली, म्हणजे फक्त त्याच्यापुरतं नाव आणि पासवर्ड, बनवा आणि तिला तीनच हक्क द्या: यादी पाहणे, वाचणे, लिहिणे. पुसण्याचा हक्क नाही. उद्या ऑफिसच्या संगणकात व्हायरस शिरला, तरी त्या किल्लीने क्लाउडवरचं काही पुसता येणार नाही. मालकाच्या मुख्य खात्याचा पासवर्ड एजंटमध्ये कधीच घालू नका. त्या खात्याला ओटीपीची दुसरी पायरी लावा आणि ते रोजच्या कामाला वापरू नका.

पावत्यांवर आधार आणि खातं असेल तर आरक्लोनची ‘क्रिप्ट’ सोय घ्या. फाइल इथेच कुलूपबंद होऊन निघते, क्लाउडवाल्यालाही वाचता येत नाही. मात्र हा परवलीचा शब्द हरवला तर पावत्या कायमच्या गेल्या. तो कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ही माहिती जपणं सेठजींच्या मर्जीवर सोडलेलं नाही.

एजंटला कामाला लावताना

आरक्लोनमध्ये ‘सिंक’ आणि ‘कॉपी’ असे दोन हुकूम आहेत. ‘कॉपी’ वापरा. ‘सिंक’ समोरची बाजू इकडच्यासारखी करण्यासाठी तिकडचं जास्तीचं पुसायला जातो. पहिल्यांदा ‘ड्राय-रन’ लावून चालवा: काय पाठवणार ते तो नुसतं दाखवतो, पाठवत काही नाही.

त्यानंतर ‘मिन-एज’ हा पर्याय लावा आणि दहा मिनिटं द्या. काट्याचं सॉफ्टवेअर फाइल लिहीत असतानाच एजंटने ती उचलली, तर अर्धी पावती नागपूरला जाते आणि हिशेब जुळत नाही. दहा मिनिटं हात न लागलेली फाइल म्हणजे लिहून झालेली फाइल, एवढा साधा नियम. पावत्यांच्या फोल्डरला ‘इम्युटेबल’ही लावा. एकदा गेलेली पावती नंतर इकडे बदलली, तर एजंट ती पाठवायला नकार देतो आणि लॉगमध्ये चूक नोंदवतो. वजनात मागाहून फेरफार झाला तर तो असा उघडा पडतो, आणि हा फायदा मला फाइल पोचण्यापेक्षाही मोठा वाटतो. दिवसभर भरत जाणारं रजिस्टर मात्र वेगळ्या फोल्डरात ठेवा, नाहीतर रोज खोटी ओरड होईल. नेट हळू असेल तर ‘बीडब्ल्यूलिमिट’मध्ये वेळापत्रक घालून दिवसा वेग कमी आणि रात्री मोकळा ठेवता येतो.

विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये दर पंधरा मिनिटांनी काम लावा. वापरकर्ता लॉगइन नसतानाही चालावं, हुकलेली वेळ लाइन आल्यावर भरून काढावी, आणि आधीचं काम चालू असताना दुसरं सुरू होऊ नये, हे तीन पर्याय निवडा. लॅपटॉप असेल तर ‘एसी पॉवरवर असतानाच चालवा’ ही खूण काढून टाका. ती मुळातच लावलेली असते, आणि आपल्याकडे लाइन गेली की एजंटही गप्प बसतो. डेस्कटॉप असेल तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, जाऊन वीज आल्यावर संगणक आपोआप सुरू होईल असं करा. स्लीप आणि हायबरनेट दोन्ही बंद.

अडलं तर आधी घड्याळ बघा

कालपर्यंत सुरळीत जाणाऱ्या फाइल अचानक अडल्या आणि नेट तर चालू आहे, अशा वेळी सगळे पासवर्ड बदलत बसतात. आधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर२०३२, संपली की लाइन गेल्यावर संगणक काही वर्षं मागे जातो. तारीख चुकली की सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र पटत नाही, आणि एस३ तर घड्याळात पंधरा मिनिटांहून जास्त फरक असला तरी विनंती फेटाळतं. बॅटरी बदला, घड्याळ इंटरनेटवरून जुळवा. हंगामात एकदा पंख्यातला कापसाचा भुरा ब्लोअरने उडवा, तोही संगणक बंद पडायचं एक कारण असतो.

चूक झाली की संदेश यावा अशी सोय बहुतेक जण करतात. पण संगणकच बंद पडला तर संदेश पाठवणार कोण? म्हणून उलटं करा. नागपूरच्या बाजूला असं लावा की संध्याकाळी सातपर्यंत त्या दिवसाची एकही फाइल आली नाही, तर मुनीमजींच्या फोनवर खबर जावी. काट्यावर दिवसाच्या पावत्यांची संख्या आणि क्लाउडवरची संख्या रोज जुळवा. आठवड्यातून एकदा आरक्लोनचा ‘चेक’ चालवा, तो दोन्हीकडच्या फाइल ताडून बघतो. क्रिप्ट लावलं असेल तर त्यासाठी ‘क्रिप्टचेक’ आहे. महिन्यातून एकदा कुठलीही एक जुनी पावती क्लाउडवरून उतरवून, उघडून, छापून बघा.

मार्च-एप्रिलमध्ये खरेदी थांबली की एजंटची किल्ली क्लाउडच्या खात्यातून बंद करा आणि शेड्यूलरमधलं कामही थांबवा. दसऱ्याच्या सुमारास नवी किल्ली काढा. काट्यावरचा पोरगा मधेच काम सोडून गेला, तर दसऱ्याची वाट न पाहता त्याच दिवशी.