ओढ्याकाठच्या शीळकरी कस्तुराचं रेकॉर्डिंग

महाबळेश्वरात किंवा कोयनेच्या रानात पावसाची झड बसली की शीळकरी कस्तुर खुलून गातो. एखादा गुराखी चाल न ठरवता शीळ घालत निघालाय असं वाटावं, इतकी ती शीळ माणसासारखी. पण हा पक्षी वाहत्या पाण्याला धरून राहतो, त्यामुळे घरी येऊन ऐकावं तर कस्तुर कमी आणि ओढाच जास्त.

पाण्याचा आवाज खर्जापासून अगदी वरपर्यंत सगळीकडे पसरलेला असतो आणि शीळही त्यातच असते. नंतर संगणकावर पाणी काढायला गेलं की शीळही खरवडली जाते. म्हणून इलाज रानातच करायचा. ओढा पाठीशी आणि पक्षी समोर येईल असं उभं राहा. शॉटगन माइक समोरचा आवाज जास्त घेतो, मागचा कमी. पाणी आणि आपल्यामध्ये मोठा कातळ आडवा मिळाला तर फारच उत्तम. पक्ष्यापासूनचं अंतर निम्मं केलं तर त्याचा आवाज ६ डेसिबलने वाढतो, म्हणून महागड्या माइकपेक्षा चार पावलं पुढे जाणं जास्त कामाचं. तो मान ताणून गप्प झाला, तर मात्र तिथेच थांबा. (आवाज माइकवर एकवटणारी, वाटीसारखी ५० सेंटिमीटरची पॅराबोला तबकडी शिळेला छान चालते. भारद्वाजाच्या घुमण्याला नाही, कारण साधारण ७०० हर्ट्झच्या खाली तिचा फायदा उरत नाही.)

रेकॉर्डर डब्ल्यूएव्हीवर (आवाज न दाबता साठवणारा फाइलचा प्रकार), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. मोनोमध्ये मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी जागा लागते. सर्वात मोठी शीळ रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास यावी. ऑटो गेन, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय, बंदच हवा. तो चालू असेल तर दोन शिळांमधल्या शांततेत ओढा फुगत जातो आणि शीळ आली की एकदम दबतो. हा दोष नंतर नीट दुरुस्त होत नाही.

किती वेळ रेकॉर्ड करायचं, हे पक्षी गातो कसा यावर ठरतं. पक्ष्याचं स्वरयंत्र छातीत खोल, श्वासनळीला दोन फाटे फुटतात तिथे असतं. कस्तुर, दयाळ, शामा यांसारख्या गाणाऱ्या पक्ष्यांना त्याच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालवता येतात, आणि गाण्याचा बराच भाग ते ऐकून शिकतात. म्हणून एकाच जातीचे दोन नर तंतोतंत सारखे गात नाहीत. अशांना सलग पाच मिनिटं तरी द्या, मध्ये बटण बंद करू नका. ‘पेर्ते व्हा’ म्हणणाऱ्या पावशाची हाक उपजत असते. त्याला दोन मिनिटं पुरतात.

पावसात माइकवर केसाळ टोपी हवीच, आणि झाडाखाली उभं राहू नका. पाऊस थांबला तरी पानांवरचे थेंब टोपीवर टपटपत राहतात. प्लास्टिकचा रेनकोट जरा हललं की कुरकुरतो, घोंगडी आवाज करत नाही. माइक चरचरू लागला तर आत दमट हवा शिरली आहे. त्याला सिलिका जेलच्या पुड्यांसोबत रात्रभर बंद डब्यात ठेवा.

रेकॉर्ड केलेली शीळ वाजवून पक्ष्याला जवळ बोलावू नका. हे त्याच्या विणीचे दिवस असतात. हद्दीत दुसरा नर आला असं समजून तो घरटं सोडून धावत येतो. कोयना आणि चांदोली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात, तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय शिरू नका.

गाणं संपल्यावर दहा सेकंद थांबा, मग त्याच फाइलमध्ये बोला: जात, तारीख, वेळ, जागा, पाऊस-वारा, पक्षी दिसला की नुसता ऐकला.