ई-सायकल घेण्याआधी: कागद, मोटर आणि पंचवीसची मर्यादा

"लायसन्स नको, पासिंग नको, इन्शुरन्स नको." ई-सायकलच्या दुकानात हे हमखास ऐकायला मिळतं. ते खरं आहे, पण काही अटींवर. या अटी केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 2(यू) मध्ये दिल्या आहेत. गाडी त्यांत बसली तर कायद्याच्या लेखी ती मोटार वाहनच नाही, आणि एखादीही अट मोडली की तिला पासिंग, विमा आणि लायसन्स सगळंच लागतं. म्हणून रंग, बास्केट, कॅरिअर यांची निवड नंतर करा आणि आधी कागद मागा.

तो कागद म्हणजे चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र. गाडी अटींत बसते हे त्याच नियमावलीतल्या नियम 126 मध्ये नाव असलेल्या संस्थेने तपासून मान्य केलेलं असावं लागतं. आपल्या पुण्यातली एआरएआय आणि मानेसरची आयकॅट या अशाच संस्था. दुकानदाराने प्रमाणपत्राची प्रत दाखवली की त्यावरचं मॉडेलचं नाव समोरच्या सायकलवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवा. त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचा कागद तुमच्या उपयोगाचा नाही. "कंपनीकडून मागवून देतो" असं उत्तर आलं तर पैसे तो कागद हातात आल्यावरच द्या. जुन्या सायकलला मोटरचं किट लावून घेणाऱ्यांची अडचण इथेच होते. चाचणी पूर्ण गाडीच्या मॉडेलची होते आणि घरी किंवा गल्लीत जोडलेल्या गाडीला असा कागद बहुधा नसतो.

पुढे मोटर पाहा. तिची तीस मिनिटांची शक्ती 0.25 किलोवॉटपेक्षा, म्हणजे 250 वॉटपेक्षा कमी असायला हवी. तीस मिनिटांची शक्ती म्हणजे मोटर अर्धा तास सलग टिकवू शकते ती ताकद. चढावर क्षणभर लागणारा जोर याहून जास्त असू शकतो आणि जाहिरातीत पुष्कळदा तोच आकडा मोठ्या अक्षरांत असतो. त्यामुळे 'पीक' म्हणून लिहिलेला आकडा पाहून घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. प्रमाणपत्रातला आकडा ग्राह्य धरा. मात्र मोटरवरच 500 किंवा 750 वॉट कोरलेलं असेल तर ती गाडी या सवलतीसाठी बनलेली नाही, हे उघड आहे.

मग वेग. पेडल असिस्टच्या, म्हणजे पेडल मारताना मोटर मदत करते अशा सायकलमध्ये वेग वाढेल तशी मोटरची मदत कमी होत गेली पाहिजे आणि ताशी 25 किलोमीटरला ती पूर्ण थांबली पाहिजे. पाय थांबले तर मोटरही त्याआधीच थांबायला हवी. हे चालवून पाहता येतं. मोकळ्या सपाट रस्त्यावर असिस्टवर वेग वाढवा. पंचवीसच्या आसपास सायकल एकदम पायांना जड लागली तर कट-ऑफ काम करतो आहे. नंतर पेडल मारणं सोडा आणि मोटर पुढे ओढत राहते का ते बघा. थ्रॉटल, म्हणजे पेडल न मारता मोटर चालवायची मूठ, दिसला म्हणून गाडी बेकायदा ठरत नाही, कारण कमी वेगाच्या बॅटरीवरच्या दुचाकींनाही याच नियमात सवलत आहे. पण मग तिचा कमाल वेग पंचवीसच्या आत हवा आणि प्रमाणपत्रही तशाच गाडीचं हवं. बॅटरी सोडून वजन 60 किलोपेक्षा जास्त नको, ही अट सायकली सहज पाळतात. स्कूटरसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत मात्र वजन विचारा.

"वेगाचं लॉक काढून देऊ का, चाळीसने पळेल" असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या. मला या सगळ्यात सर्वांत जास्त काळजी याच एका गोष्टीची वाटते. कंट्रोलरची, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या भागाची, सेटिंग बदलली की गाडी त्या क्षणी विनापासिंगची, विनाविम्याची मोटारगाडी होते. महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने 2022 मध्ये अशा फेरफार केलेल्या ई-बाईक्सवर कारवाईची मोहीम घेतली होती. लायसन्सशिवाय चालवल्याचा दंड कायद्यात 5,000 रुपये आहे, विमा नसल्याचा पहिल्या वेळी 2,000. दंड भरून सुटता येतं, अपघातातून तसं सुटता येत नाही. कुणी जखमी झालं आणि गाडी मोटार वाहन ठरली, तर विमा कंपनीच नसल्यामुळे भरपाई मालकाच्या खिशातून जाते.

सायकल नववी-दहावीतल्या मुलासाठी असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. नियमात बसणाऱ्या ई-सायकलला मोटार वाहन कायद्याची वयाची अट लागू होत नाही. लॉक काढलेल्या गाडीला होते, आणि अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी कलम 199अ खाली पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. मित्राच्या दादाकडून सेटिंग बदलून घेणाऱ्या मुलाला हे माहीत नसतं. त्याला घरातच, गाडी देताना सांगा.

नियमाला चांगले ब्रेक आणि रिफ्लेक्टर हवेत: पुढे एक पांढरा, मागे एक लाल. कॅरिअरवर दप्तर किंवा डबा बांधल्यावर मागचा झाकला जातो का, ते दुकानातच बघून घ्या. हेल्मेटची सक्ती नाही, तरी ते घ्याच. पंचवीसच्या वेगाने पडलेलं डोकं साध्या सायकलवरून पडलं की मोटरच्या, हे बघत नाही.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि वांद्रे-वरळी सी-लिंकवर ई-सायकलला प्रवेश नाही. विमानाने नेण्याचा विचार असेल तर तोही सोडा. प्रवासी विमानात 160 वॉट-तासांपेक्षा मोठी सुटी लिथियम बॅटरी चालत नाही, आणि 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तासांची साधी बॅटरीच 360 वॉट-तासांची भरते. परदेशी असलेल्या नातेवाइकांनी तिथला नियम वेगळा वाचावा. ब्रिटनमध्ये 14 वर्षांखालच्यांना ई-सायकल चालवता येत नाही, तर जर्मनीत ताशी 45 पर्यंत मदत देणाऱ्या सायकलला विम्याची पाटी, लायसन्स आणि हेल्मेट लागतं.

बिलावर फ्रेम नंबर, मोटर नंबर आणि मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्या. बिल आणि प्रमाणपत्र दोन्हींचे फोटो फोनमध्ये ठेवा, म्हणजे चौकात हवालदाराने अडवलं तर वाद घालावा लागणार नाही. पुढे कधी कंट्रोलर किंवा मोटर बदलावी लागली तर त्याच मॉडेलचा भाग मागा, जॉब कार्डवर तसं लिहून घ्या आणि सायकल घरी आणण्याआधी पंचवीसच्या कट-ऑफची चाचणी पुन्हा करा.